क्रम नको, कारण सांगा

मंडळी, या विकांताला जरा भांडायचं आहे. भांडण माणसाशी नाही, एका ओळीशी आहे. ड्रायव्हरच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला कोणीतरी लिहून ठेवलेली असते ती ओळ: इथे तीनशे मिलिसेकंद थांब. शेजारी टीप असते, हे काढू नका, काढलं तर चालत नाही. का चालत नाही, ते कुठेच लिहिलेलं नसतं. लिहिणारा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

अशी एक ओळ मी स्वतः लिहिली आहे. म्हणून तर एवढ्या तावातावाने बोलतोय.

झालं असं. काही वर्षांपूर्वी आम्ही वजनकाट्यासाठी एक छोटा डबा बनवत होतो. आत एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स, लोडसेलचं माप वाचणारी एक चिप आणि पावती छापणारा बारका प्रिंटर. गोंदिया जिल्ह्यातल्या एका धान खरेदी केंद्रावर तो चाचणीसाठी ठेवला होता, नेहमीच्या काट्याच्या बाजूलाच. दिवाळीनंतरचे दिवस. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, कट्ट्यांच्या थप्प्या. सकाळी वीज गेली, आली, डबा पुन्हा सुरू झाला आणि माप सुरू झालं. दोन ट्रॅक्टर मोजून झाल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हट्टच धरला, माझे कट्टे जुन्या काट्यावर पुन्हा टाका. टाकले. प्रत्येक कट्ट्यामागे सहाशे ग्रॅमचा फरक! आणि तो शेतकऱ्याच्या विरुद्ध.

डबा बंद पडला असता तर परवडलं असतं. बंद पडलेलं यंत्र निदान खोटं बोलत नाही. हा डबा मात्र सगळे आकडे नीट दाखवत होता, छान पावती छापत होता, आणि दर कट्ट्याला सहाशे ग्रॅम गिळत होता. शंभर कट्ट्यांना साठ किलो. जुना काटा शेजारी नसता तर? विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. लोडसेलला वीज देणारा एक रेग्युलेटर होता, आणि प्रिंटरही त्याच रेग्युलेटरवर होता. तो चालू करायचं काम प्रत्यक्षात प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून व्हायचं. माप वाचणाऱ्या चिपचा ड्रायव्हर उठला की आधी रिकाम्या काट्याचं शून्य घ्यायचा. प्रिंटर आधी उठायचा, म्हणून वीज तयार असायची. का आधी उठायचा? काही कारण नाही. कर्नलची बांधणी करताना फायली त्या क्रमाने जोडल्या जात होत्या, एवढंच. पुढे आम्ही कर्नलची आवृत्ती बदलली, प्रिंटरचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळा काढला, आणि तो मागे पडला. टेबलावर चाचणी करताना शून्य कधीतरी चुकतंय हे मला दिसलं होतं. मी काय केलं? तीनशे मिलिसेकंद थांबवलं. चुकणं थांबलं. मी घरी गेलो.

केंद्रावरच्या डब्यातलं मेमरी कार्ड जरा हळू होतं. प्रिंटरचा मॉड्यूल उशिरा आला, वीज चढत असतानाच शून्य घेतलं गेलं, आणि तेच चुकीचं शून्य पुढच्या प्रत्येक मापातून वजा होत राहिलं.

आता खरी लाज वाटणारी गोष्ट. लिनक्समध्ये या प्रश्नाचं उत्तर आधीपासून होतं, आणि ते एका ओळीचं होतं. बोर्डावर काय काय आहे याचं वर्णन कर्नलला ज्या फाईलमधून मिळतं, ती डिव्हाइस ट्री. तिच्यात चिपच्या नोंदीत एवढंच लिहायचं होतं की मला अमुक रेग्युलेटरची वीज लागते. आम्ही ते लिहिलं नव्हतं. मग ड्रायव्हरने वीज मागितली तेव्हा कर्नलने त्याच्या हातात एक डमी रेग्युलेटर ठेवला. पुरवठ्याची नोंद नाही म्हणजे वीज कायमचीच चालू असणार, असं समजून कर्नल तसं करतो, आणि लॉगमध्ये तसा इशाराही छापतो. तो इशारा मी शंभर वेळा पाहिला होता. इशाराच आहे ना, एरर थोडीच आहे, म्हणून सोडून दिला होता.

ती एक नोंद असती तर काय झालं असतं? पुरवठादार अजून उठलेला नाही हे कर्नलला कळलं असतं, आणि त्याने चिपच्या ड्रायव्हरला थांबवलं असतं. वीज स्थिर व्हायला किती वेळ लागतो, हेसुद्धा रेग्युलेटरच्याच नोंदीत लिहायची सोय आहे. तो वेळ रेग्युलेटरचा गुणधर्म आहे. मी तो माझ्या ड्रायव्हरमध्ये कोंबला, आणि तोही अंदाजाने!

त्याच आठवड्यात गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये जाणं झालं. गोंदियाला राईस सिटी म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. मिल सुरू होताना मी प्रथमच नीट पाहिली. धान आधी साफ होतं, मग त्यातले खडे काढतात, मग रबराच्या रोलांमध्ये त्याचं तूस निघतं, मग न सोललेलं धान वेगळं होतं, मग पॉलिश, मग तुकडा आणि अख्खा तांदूळ वेगळा, शेवटी पोतं. मधे मधे माल वर चढवणारे एलेव्हेटर. मला वाटलं होतं, पहिली मशीन आधी सुरू करत असतील. मिस्त्री हसला.

"भाऊ, पयले शेवटची मशीन चालू करा लागते. धानाची पयले केली तं माल कोठी जाईन?"

बरोबरच आहे की! माल पुढे जातो, पण गरज उलट्या दिशेने असते. प्रत्येक मशीनला तिच्या पुढची मशीन चालू असावी लागते, नाहीतर माल तुंबतो, पट्टा जळतो. सुरू करताना शेवटून, बंद करताना पहिल्यापासून. मी विचारलं, हे सगळं लक्षात कसं ठेवता? तर म्हणाला, पूर्वी भिंतीवर कागद होता, एक नंबर ही, दोन नंबर ती. मग मालकाने खडे काढायची नवी मशीन बसवली, आणि कागद खोटा झाला. कोणीतरी पेनाने दीड नंबर लिहिला. पुढे आणखी एक मशीन आली. शेवटी वायरमनने वायरिंगच बदललं. प्रत्येक मोटरच्या स्टार्टरची कॉइल आता पुढच्या मोटरच्या संपर्कातून जाते. पुढची मोटर चालू नसेल तर मागचीचं बटण दाबून काही होत नाही. आणि चालत्या मिलमध्ये पुढची मोटर ट्रिप झाली, तर मागच्या आपोआप थांबतात.

मी तिथे उभ्या उभ्या गप्प झालो. भिंतीवरचा कागद म्हणजे क्रम. वायर म्हणजे कारण. कागदावरून मिल सुरू करता येते, पण मधे एखादी मोटर पडली तर काय करायचं, हे कागदाला माहीत नसतं. वायरला माहीत असतं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती जास्त महत्त्वाची. कागदावरच्या दोन एलेव्हेटरांना एकमेकांची काही गरजच नव्हती. दोन्ही एकदम सुरू केले तर सुरुवातीचा करंट फार ओढला जायचा, म्हणून एक आधी आणि एक नंतर, बस. पण कागदावर "तीन नंबर, चार नंबर" एवढंच दिसतं. यातला कुठला क्रम मोडला तर मिल तुंबेल, आणि कुठला नुसता सोयीचा आहे, हे कागद सांगत नाही. म्हणून मग कोणीच कशालाच हात लावत नाही. आपल्या कोडमधल्या "हे काढू नका" या टिपेचा जन्म असाच होतो.

आता लिनक्सचा भिंतीवरचा कागद पाहू. कर्नल सुरू होताना त्यातली फंक्शन्स टप्प्याटप्प्याने बोलावली जातात. त्यांना इनिटकॉल म्हणतात. कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस, लेट असे टप्पे. एकाच टप्प्यात दोन ड्रायव्हर असतील तर मेकफाईलमध्ये ज्याचं नाव आधी, तो आधी. ड्रायव्हरांच्या मुख्य मेकफाईलमध्ये आजही टिपा आहेत: रेग्युलेटर लवकर घ्या, काहींना त्यांची गरज असते; पिनकंट्रोलनंतर जीपीआयओ घ्या. म्हणजे कारण माणसासाठी टिपेत लिहिलेलं, आणि यंत्रासाठी नुसता क्रम. वर्षानुवर्षं लोकांनी काय केलं? आपला ड्रायव्हर लवकर हवा म्हणून तो सबसिस टप्प्यात ढकलला, उशिरा हवा म्हणून लेटमध्ये. सात टप्प्यांच्या शिडीवर हजारो ड्रायव्हरांची ढकलाढकली. पेनाने लिहिलेला दीड नंबर तो हाच.

ज्यांनी डॉसचे दिवस पाहिलेत त्यांना कॉन्फिग डॉट सिस आठवत असेल. हायमेम आधी, ईएमएम३८६ नंतर, उलटं झालं की बोंब. ओळींचा क्रम पाठ, कारण विचारायचं नाही. युनिक्सवाल्यांनी त्याच चुकीला नंबर दिले: एस२०, एस३५, एस९९. एखादी सेवा वीस आणि एकवीसच्या मधे बसवायची वेळ आली की डोकं धरायचं.

यात कोणाला माहीत नव्हतं असं नाही हो. अवलंबित्वांवरून क्रम काढायची पद्धत आर्थर कान यांनी १९६२ साली छापली. मेक १९७६ चं, आणि त्याची सगळी कल्पनाच ही आहे की कशाला काय लागतं ते सांगा, क्रम मी लावतो. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत टीसॉर्ट होतं. नेटबीएसडीने २००० सालच्या १.५ आवृत्तीत सेवांच्या स्क्रिप्टांमध्ये "मी काय देतो, मला काय लागतं" हे लिहायला लावलं आणि क्रम यंत्राकडून काढून घेतला. २०१० मध्ये सिस्टमडी आलं. त्यावर भांडणं खूप झाली, पण नंबर टाकून गरज लिहायची ही गोष्ट टिकली. सगळं ठाऊक होतं, आणि तरी आपण उपकरणांसाठी थांबा-तीनशे लिहीत बसलो.

कर्नलमध्ये पहिला मोठा उपाय २०१२ साली ३.४ या आवृत्तीत आला, ग्रँट लाइकली यांचा. डिफर्ड प्रोब. ड्रायव्हरला हवी ती वस्तू मिळाली नाही तर तो ठराविक एरर परत करतो, ५१७ नंबरची. कर्नल त्याला बाजूच्या यादीत ठेवतो, आणि दुसरं कुठलंही उपकरण यशस्वीपणे उठलं की त्या यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. साधं, सोपं, आणि त्या वेळी फार गरजेचं. एआरएम बोर्डांची नुसती जत्रा भरली होती तेव्हा, प्रत्येकाचा क्रम वेगळा.

पण खरं सांगू का? डिफर्ड प्रोब म्हणजे धान टाकून बघा, तुंबलं तर काढा, थोड्या वेळाने पुन्हा टाका. शेवटी मिल चालते. पण "अजून आलं नाही" आणि "कधीच येणार नाही" यातला फरक त्याला कळत नाही. पुरवठादाराचा ड्रायव्हर तुम्ही कर्नलमध्ये घालायलाच विसरलात, तर ग्राहक बिचारा यादीत गप्प बसून राहतो. लॉगमध्ये काही नाही, स्क्रीन मात्र काळी. आपण का अडकलो हे सांगायची नीट सोय २०२० पर्यंत नव्हती. ती ५.९ मध्ये आली. आता यादीतली उपकरणं आणि त्यांची कारणं डीबगएफएसमधल्या एका फाईलमध्ये वाचता येतात. ती फाईल किती जणांनी उघडून पाहिली आहे? हात वर करा बघू.

आणि मुख्य आक्षेप हा की डिफर्ड प्रोब शेवटी क्रमच देतो. या वेळी चाललं, एवढंच त्याला कळतं. कोण कोणावर अवलंबून आहे याची नोंद कुठेही राहत नाही. मग झोपवताना काय करायचं? लॅपटॉप किंवा फोन झोपतो तेव्हा आधी ग्राहक झोपायला हवा आणि मग पुरवठादार. मिल बंद करताना जसं. नोंद नसल्यामुळे कर्नलला युक्ती करावी लागली: मागे पडलेलं उपकरण यादीच्या शेवटी सरकवायचं, म्हणजे झोपताना ते आधी झोपेल. चालतं. पण ही पुन्हा कागदावरचीच खाडाखोड.

खरी वायर २०१७ मध्ये आली, ४.१० या आवृत्तीत. राफाएल विसोत्स्की यांचे डिव्हाइस लिंक. हा पुरवठादार, हा ग्राहक, एवढं एकदा सांगितलं की उठणं, झोपणं, जागं होणं, आणि पुरवठादार काढून घेतला तर आधी ग्राहकाला सोडवणं, हे सगळं कर्नल त्यावरून ठरवतो. पुढे गूगलच्या सरवणा कन्नन यांनी त्यावर एफडब्ल्यू डेव्हलिंक बांधलं. डिव्हाइस ट्रीमध्ये गरजा लिहिलेल्याच असतात, मग लिंक कर्नलनेच का करू नयेत? ५.१२ साठी ते आपोआप चालू ठेवायचा प्रयत्न झाला, काही बोर्ड उठेनात, म्हणून मागे घेतलं. २०२१ मध्ये ५.१३ पासून ते चालूच असतं.

ते बोर्ड का उठेनात, यावर मला बोट ठेवायचं आहे. कारण त्यातल्या काहींच्या वर्णनात वर्तुळं होती. अ ला ब लागतो आणि ब ला अ. आता वर्तुळ म्हटलं की आमच्याकडे तिरोड्याचं उदाहरण लगेच आठवतं. तिथे ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण ३३०० मेगावॉट. पण कोळशावरचं एवढं मोठं केंद्र गार असताना स्वतःहून सुरू होत नाही. कोळसा दळायच्या गिरण्या, मोठे पंखे, बॉयलरला पाणी देणारे पंप, या सगळ्यांना आधी वीज लागते. वीज बनवायला वीज! एरवी ती ग्रिडकडून येते. पण ग्रिडच पूर्ण बसली तर? म्हणून ग्रिड उभी करताना सुरुवात सहसा जलविद्युत केंद्रापासून करतात, कारण पाण्याच्या टर्बाइनला सुरू व्हायला फार थोडी वीज पुरते. त्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. म्हणजे वर्तुळ कुठे तोडायचं हे कोणीतरी विचार करून आधी ठरवून ठेवलेलं असतं. "सगळ्यांनी तीनशे मिलिसेकंद थांबा, बघू काय होतं ते" असं तिथे कोणी म्हणत नाही.

डिव्हाइस ट्रीतलं वर्तुळही बहुतेक वेळा खरं नसतं. एकाला दुसरा उठण्यासाठी लागतो, आणि दुसऱ्याला पहिला उठून झाल्यावर, नंतरच्या एखाद्या कामासाठी. या दोन गरजा वेगळ्या आहेत. तसं लिहायची सोयही २०२४ मध्ये आली: हा पुरवठादार मला उठल्यानंतर लागेल, सुरुवातीला नाही. थोडक्यात, कारण आणखी नेमकं सांगा.

आता मला ठरलेले आक्षेप ऐकू येतातच. "आमचं उत्पादन छोटं आहे, एकच बोर्ड, क्रम पक्का, कशाला एवढा घोळ?" अहो, माझाही एकच बोर्ड होता. क्रम पक्का होता तो कर्नलची आवृत्ती बदलेपर्यंत, आणि कार्ड हळू निघेपर्यंत. दुसरा आक्षेप: "हे सगळं तपासण्यात सुरू व्हायला उशीर होतो." उलट आहे. गरजा लिहिलेल्या असतील तर ज्यांना एकमेकांची गरज नाही ते एकाच वेळी उठू शकतात. नुसता क्रम लिहिला की सगळे एका रांगेत. आणि तीनशे मिलिसेकंदांची ती ओळ दर वेळी तीनशे मिलिसेकंद खातेच, गरज असो वा नसो.

तिसरा आक्षेप मला पटतो: "हार्डवेअरवाले आम्हाला नकाशाच देत नाहीत." खरं आहे. कुठली चिप कुठल्या विजेवर आहे, हे विचारल्यावर चार दिवसांनी धूसर पीडीएफ येते. पण मग भांडण तिथे करा. सॉफ्टवेअरवाल्याने न विचारता थांबा-तीनशे लिहिलं की तो प्रश्न कोणाच्या टेबलावर जातच नाही. ओळ लिहून आपण हार्डवेअरवाल्यालाही सोडवतो आणि स्वतःलाही. अडकतो तो रांगेतला माणूस.

तेव्हा माझं मागणं फार नाही. कोडमध्ये थांबायची ओळ दिसली की कशाची वाट बघतोय ते विचारा, आणि ते नाव वर्णनात लिहा. लॉगमधला डमी रेग्युलेटरचा इशारा एरर समजा. ड्रायव्हर वरच्या किंवा खालच्या टप्प्यात ढकलायची वेळ आली, तर ढकलण्याआधी एक वाक्य लिहून बघा: याला काय लागतं. ते वाक्य लिहिता आलं, की ढकलायची गरज सहसा उरत नाही.

असो. त्या डब्यातली ओळ मी काढली. डिव्हाइस ट्रीमध्ये चिपच्या नोंदीत एक ओळ वाढली, रेग्युलेटरच्या नोंदीत एक. बदलाच्या नोंदीत काय लिहावं हे बराच वेळ सुचेना. शेवटी साधंच लिहिलं: मापाच्या चिपला ही वीज लागते, हे आधी सांगितलेलं नव्हतं.

त्या सकाळी मोजलेले दोन्ही ट्रॅक्टर जुन्या काट्यावर पुन्हा मोजले गेले. कट्टे उतरवायला आणि चढवायला मीही हात लावला. चाळीस किलोचा एक कट्टा. सहाशे ग्रॅम खांद्याला कळत नाहीत.